करीमचाचांच्या नसरीनसाठी पुकारा

मंडळी, जरा सांभाळून घ्या. माझी जीभ अडखळते. मधेच एखादा शब्द अडकतो आणि मी नुसता उभा राहतो. घाबरू नका. तो येतो, फक्त उशिरा येतो.

पुढं नसरीनताईंच्या अम्मी बसल्यात, त्यांचे भाऊ सलीमभाई बसलेत. शहाद्याचे डॉक्टर लोक आलेत, आणि मागं तर सगळे माझ्यासारखेच दिसताहेत. कुणाचा हात लुळा, कुणाच्या हातात काठी. सगळे नसरीनताईंचे पेशंट. आठ दिवसांपूर्वी ताई झोपेतच गेल्या. धडधाकट बाई हो! आमच्यासारखी मोडकीतोडकी माणसं मागं राहिली आणि त्या गेल्या. काय म्हणायचं याला?

मी उत्तम पाटील, सारंगखेड्याचा. शेती आहे, पपई लावतो. पण माझी खरी ओळख ती नाही. यात्रेत लाउडस्पीकरवर जो आवाज यायचा ना, "लक्ष द्या, लक्ष द्या", तो माझा. घोडेबाजारात कुठला घोडा आला ते मी सांगायचो. कुणाचं पाकीट सापडलं, मी सांगायचो. आणि पोरं हरवायची, रोज हरवायची, त्यांचा पुकारा मी द्यायचो. पुकारा दिला की आम्ही थोडा वेळ गाणं बंद ठेवायचो. का? तर गर्दीत कुठं पोर रडत असेल तर ऐकू यावं. ही आमची जुनी पद्धत.

तर असा मी बोलणारा माणूस. आणि एका सकाळी पपईच्या वावरात उजवा हात गळाला. तोंड वाकडं झालं. मी भावाला हाक मारायला गेलो, तर आवाजच नाही! डोक्यात शब्द आहे, तोंडात नाही. मंडळी, तशी भीती वैऱ्यालाही नको.

माझा धाकटा भाऊ भटू, तो तिथं खांबाजवळ उभाय बघा, धावत आला. म्हणाला, "भाऊले लकवा मारी गया!" आता आपल्याकडं लकवा म्हटलं की गावातला प्रत्येक माणूस डॉक्टर होतो. कुणी तेल आणा म्हणतं, कुणी आणखी काही. भटूच्या सासऱ्याला पूर्वी लकवा झाला होता. त्याला रक्त पातळ करायची गोळी दिली होती आणि तो बरा झाला होता. झालं! भटूनं तीच गोळी मागून आणली. जीपमध्ये सगळी वाट माझ्या तोंडाशी धरून बसला. मी दात घट्ट मिटलेले. कळत होतं म्हणून नव्हे हो, तोंड उघडतच नव्हतं.

दवाखान्यातून आम्हाला ताईंच्या स्कॅन सेंटरवर पाठवलं, डोक्याचा फोटो काढायला. दुसरीकडं काय होतं? फोटो काढतात, पाकीट हातात देतात, चला पुढं. ताईंचं तसं नव्हतं. त्या घरच्यांना आत बोलवायच्या. आधी खुर्चीवर बसवायच्या, पाणी द्यायच्या. मग भिंतीवरच्या त्या उजेडाच्या पेटीवर फोटो लावायच्या आणि आपल्या अहिराणीत समजावायच्या.

माझी घरवाली सुमन आणि भटू, दोघांना तसंच बसवलं. भटू म्हणे, "ताई, मन्हा सासराले हाईच गोळी लागू पडनी व्हती. देऊ का?"

ताईंनी काय केलं? ओरडल्या नाहीत. फोटोवर बोट ठेवलं. "भाऊ, हाई पांढरं दिसस ना? हाई रक्त शे. तुन्हा सासरानी नस बंद पडेल व्हती. तुन्हा भाऊनी नस फुटेल शे. बाहेरून दोन्ही लकवे सारखेच दिसतस. हाई गोळी दिधी तर रक्त आखो जास्त वाही." मग म्हणाल्या, "गोळी खिशामा ठेव, आनी चहा पी."

भटूनं गुमान गोळी खिशात घातली. आजही कुणाला लकवा झाला की हाच भटू सगळ्या गावावर ओरडतो, "आधी फोटो, मंग गोळी!" ओरडतोस ना रे? बघा, मान हलवतोय.

सुमननं एकच विचारलं. मी जगेन का, हे नाही विचारलं. तिला माहीत होतं तिचा नवरा कशावर जगतो ते. तिनं विचारलं, "ताई, मन्हा घरधनी बोलतीन का?"

ताई पुन्हा पेटीकडं वळल्या. फोटोकडं बघत राहिल्या. मेंदूच्या दोन भागांच्या मधे एक रेघ असते. ती त्यांनी दाखवली. "हाई रेघ सरळ शे. रक्तानी तिले ढकलं नही. जीव वाचाले चांगली आशा शे. पन रक्त डावीकडे शे, बोलाना भाग जवळच शे. बोलतीन का, ते माले आज सांगता येत नही." खोटा धीर नाही दिला. सुमन म्हणते, त्या दिवशी तेवढ्या एका बाईवर माझा भरवसा बसला.

मग... थांबा. येतोय शब्द. हां. मग मी मुकाच राहिलो. महिने गेले तसेच. माझा पहिला शब्द कुठं फुटला माहितीये? ताईंच्याच खोलीत. दुसऱ्यांदा फोटो काढायला गेलो होतो. भटूनं माझ्या पायावर गरम चहा सांडला आणि माझ्या तोंडून खणखणीत शिवी निघाली! अम्मी समोर आहेत, ती शिवी मी सांगणार नाही. भटू रडायला लागला आणि ताई पोट धरून हसल्या. म्हणाल्या, "शिवी आधी येते उत्तमभाऊ. बाकीचं येईल मागून, हळूहळू."

त्यांनी जुना फोटो आणि नवा फोटो शेजारी शेजारी लावला. पांढरा डाग फिका पडला होता. त्यानंतरच्या फोटोत तर तिथं काळी चीर दिसली. मी घाबरलो. खुणेनं विचारलं, काळं म्हणजे मेलं का? तर म्हणाल्या, "रक्त शरीरानं उचलून नेलं. तापीचा पूर ओसरला की काठाला घळ राहते ना, तसं. ती घळ भरणार नाही. पण शेजारचा भाग शिकतो. तुम्ही त्याला शिकवा. बोला. पुकारा द्या."

पुकारा द्या! दर वेळी हेच. आणि का, तेही एकदा सांगितलं. त्यांचे वडील करीमचाचा यात्रेत खोगीर-लगामाचं दुकान लावायचे. जुन्या लोकांना आठवत असतील. ताई लहान होत्या, घोडे बघत बघत लांब गेल्या आणि हरवल्या. रडत उभ्या होत्या. तेवढ्यात वरून आवाज आला, त्यांचं नाव घेऊन. "तुमचा आवाज होता तो," म्हणाल्या. "मला वाटलं, आभाळाला माझं नाव माहीत आहे." मला काहीच आठवत नव्हतं हो! रोज इतकी पोरं हरवायची. पण त्यांनी ते आयुष्यभर जपलं होतं.

दर यात्रेला त्या यायच्या. पुकाऱ्याच्या मंडपाजवळ उभ्या राहून चहा प्यायच्या आणि माझ्याकडं बघायच्या. "यंदा?" मी म्हणायचो, "पुढल्या साली, ताई." मला लाज वाटायची. ज्या तोंडानं सगळी यात्रा हलवली, त्या तोंडानं तोतरं बोलायचं? त्या हसायच्या. "बरं, पुढल्या साली." राग नाही, आग्रह नाही. पुढच्या यात्रेला पुन्हा हजर.

मंडळी, दुखणं झाल्यापासून मी माईक हातात धरला नव्हता. आज पहिल्यांदा धरलाय. आणि ऐकायला ताई नाहीत. फार जिवाला लागलंय हो. एक साल, फक्त एक साल आधी मी उभा राहिलो असतो तर!

माईकवाल्या दादा, आवाज जरा वाढव. अजून. बस.

लक्ष द्या, लक्ष द्या. शहाद्याचे खोगीरवाले करीमचाचा, यांची मुलगी नसरीन. नसरीन, बेटा, तू जिथं असशील तिथं ऐक. तुझी अम्मी इथं बसली आहे. तुझी सगळी माणसं मंडपाजवळ थांबली आहेत. घाबरू नको. तुझं नाव आम्हाला माहीत आहे.

आता सगळे उभे राहा. ज्याला जमत नाही त्यानं बसूनच. पुकारा दिल्यावर आम्ही जेवढा वेळ गाणं बंद ठेवायचो, तेवढा वेळ कुणी बोलू नका. ऐका.