काळ्या कव्हरची कॅसेट

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर एक मावशी हातात शिवण घेऊन नवऱ्याच्या रिपोर्टची वाट बघत बसल्या होत्या. शेजारी एक सासू आणि सून बसल्या होत्या. सुनेच्या मांडीवर जुना टेपरेकॉर्डर आणि काळ्या कव्हरची कॅसेट होती.

"डॉक्टरच म्हणाले ना, आई, ते बेशुद्ध असले तरी त्यांच्या आवडीचं ऐकवा म्हणून?"

"आवडीचं म्हणजे हे? कव्हरावर थडगं आहे, अगं! आणि गाणारा विहिरीच्या तळातून हाका मारतो. हे लागलं की मांजरसुद्धा पलंगाखाली जायचं."

"गॉथिक रॉक म्हणतात त्याला. मी विचारलं होतं एकदा, एवढं भेसूर कशाला ऐकता? तर म्हणाले, अंधारात कुणीतरी सोबतीला आहे असं वाटतं."

"मला मेलीला भीतीच वाटायची. पोरगं हातचं जाईल म्हणून मी दुसऱ्या बाजूवर माझ्या आवाजात प्रार्थना भरून ठेवली. बारा दिवस बोलला नाही माझ्याशी."

"पण दुसरी कॅसेट घेतली का त्यांनी? तीस वर्षं हीच ऐकताहेत, तुमच्या प्रार्थनेसकट."

मावशींच्या हातातली सुई थांबली. तेवढ्यात नर्सनं दार उघडलं.

"या, पाच मिनिटं मिळतील."

"चला, आई."

"थांब गं जरा. परवा मी हाका मारल्या, काल त्याच्या लेकीनं मारल्या. बोटसुद्धा हललं नाही त्याचं."

"म्हणून तर हे आणलंय."

"आणि ह्यानंही नाही हललं, तर? मग काय उरलं गं आपल्याकडे ऐकवायला?"

उठलेली सून पुन्हा बाकावर बसली. नर्स दार धरून उभीच होती.