अँटेनाला हळदी-कुंकू

…नाही, मी नाव घेणार नाही, कारण त्याच माणसाच्या हातचं मला रोज जेवायचंय, पण एवढंच सांगा, अँटेनाला हळदी-कुंकू लावतं का कोणी? तेही ओलं! तेही तोंडी परीक्षेच्या सकाळी! नवी स्कूटर आणली, लावा. मिक्सर आणला, लावा. पण अँटेना?

तुम्हाला सांगते, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी वर्षभर मी त्या अँटेनाच्या काडेपेटीएवढ्या पट्टीमागे वेडी झाले होते. पट्टीवर तांब्याचा त्रिकोण, त्याच्या मधोमध कापलेला एक त्रिकोण, उरलेल्या तिघांच्या मधून पुन्हा एकेक, मग पुन्हा… म्हणजे मोठा आकार एक लहर पकडतो, धाकटा दुसरी, त्याहून धाकटा तिसरी. जीपीएस, मोबाइल, वायफाय, तीन कामं आणि अँटेना एकच! आणि जुळे सोलापुरात आमच्या घरी जो येतो तो पट्टी उजेडाला धरून विचारतो, "संस्कृती, उंदरानं कुरतडली का गं?" शेजारच्या वैजयंतीकाकू तर म्हणाल्या, "फसवलं की गं तुला दुकानदारानं, जा, बदलून आण!" अहो काकू, भोकं मुद्दाम आहेत!

तर परीक्षा. बाहेरून आलेले परीक्षक, चष्मा नाकाच्या टोकावर. कॉलेजच्या लॅबमध्ये मी रुमालाची घडी उघडते तर काय… पट्टीवर एक बोट पिवळं, एक बोट लाल, वर अक्षता! पुसायला ओढणी उचलली, तर सर म्हणाले, "थांबा. तसाच जोडा."

झालं! संपलं माझं शिक्षण!

यंत्राच्या पडद्यावर आलेखात तीन खड्डे दिसायला हवेत. जिथे खड्डा, तिथे अँटेना चालतो. खड्डे दिसू देत म्हणून देवाला हात जोडणारी अख्ख्या सोलापुरात मी एकटीच असेन! दिसले. पण तिन्ही आपली जागा सोडून डावीकडे सरकलेले, सात रस्त्याच्या सिग्नलला रिक्षा सरकतात ना, तसे!

"वायफाय कुठं गेलं?" सर म्हणाले. "आणि ही भोकं…"

"सर, भोकं मुद्दाम आहेत!" मी किंचाळलेच.

"ते मला कळतं हो. खड्डे का सरकले, ते बोला."

डोळ्यांत पाणी यायच्या बेतात… आणि एकदम डोक्यात लख्ख! "सर, ओली हळद! तांब्यावर ओला थर बसला की लहर हळू चालते, अँटेनाला वाटतं आपण मोठे झालो, आणि तो खालची फ्रिक्वेन्सी पकडतो!"

"दाखवा."

ओढणीनं पुसला… आणि अहाहा! तिन्ही खड्डे आपापल्या घरी! माझ्या हातानं कापलेला तो एवढासा त्रिकोण, आणि तिन्ही लहरी त्याच्या ओंजळीत! सर खुर्चीतून उठले. उठले हो, उभे राहिले! म्हणाले, "वा! असा प्रयोग करून दाखवायचं कोणी सुचवलं?"

काय सांगणार? म्हटलं, "घरी… चर्चा झाली होती."

छाती फुगवून दाराबाहेर आले. आता या मुलखात भोकं मुद्दाम असतात हे कोणालाही समजवावं लागणार नाही! तेवढ्यात लॅबचे शिपाई बसप्पामामा धावत आले, कानाशी लागून म्हणाले,

"ताई, रांगेतली बाकीची पोरं थांबल्यात. हळद आणली की मी कॅन्टीनातनं, कुंकू तेवढं कुटं मिळंल?"