सुनेच्या कुंडीतलं झाड

वेणूबाई अमरावतीच्या स्टँडवर अकोल्याच्या बसची वाट पाहत होत्या. मांडीवर सुनेची कुंडी होती. घराचं बांधकाम निघालं म्हणून सुनेने दिवाळीत तिचा गिंकोचा बोनसाय सासूच्या हवाली केला होता. बारा वर्षं छाटून, तार बांधून वीतभर ठेवलेलं झाड! बाजूला बोनसायच्या क्लासच्या दोघी बोलत बसल्या होत्या.

“माह्या गिंकोची सारी पानं पिवळी पडून झडली न वं.”

“झडतेच ते. थंडीभर झोपते अन् चैतात पुन्हा फुटते.”

“हे आमच्या बुढ्या सासूले कोन सांगन? मेलं म्हणे, अन् उपटून उकिरड्यावर टाकलं.”

“मायबाई! मंग?”

“मंग काय, मलेच म्हणते, तुह्या हातानं मेलं.”

“भांडली काय?”

“चुकलं म्हणाली असती त हासून सोडलं असतं. आता बोलतच नाही मी.”

वेणूबाईंनी कुंडीवर पदर ओढला. तेवढ्यात त्यातली एक वाकून बघायला लागली.

“आजी, संत्र्याचं रोप हाय न हे? त्याले तार काहून गुंडाळली?”

“पळून जाऊ नये म्हणून!”

मग वेणूबाईंनी सुनेला फोन लावला.

“प्रणाली, ऐक. तुहं झाड म्या बंबात घातलं. शेंदूरजन्याच्या नर्सरीतलं संत्र्याचं रोप तार गुंडाळून घेऊन येऊन राहिली होती. चाळीस वर्षं वावरात राबली, अन् झोपलेलं झाड मेलेलं समजली. हास आता पोटभर. पण तुह्या मायले नको सांगजो, तेवढी इज्जत राहू दे.”