तीन मिनिटांचं मलम

(डोंबिवली पश्चिम, कोपर. इमारतीचा दुसरा मजला, समोरासमोर दोन दारं.)

गोदाताई : फक्त तीन मिनिटं, शांताबाई. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंग टिपलं की तीन मिनिटांत मलम लागायला हवं, कातडी ओलसर आहे तोवर. हातापायांना लावलं मी. पाठीला हात पोचत नाही.

शांताबाई : म्हनून ओल्या केसांनी माझ्या दारात? चार वर्षांत पयल्यांदा?

गोदाताई : त्यातलं एक मिनिट बोलण्यात गेलं.

शांताबाई : मंग उलथनं घे की. ग्यालरीत उभी राहून त्यानंच खाजवतेस, दिसतं मना.

गोदाताई : त्यानंच सोलली पाठ. डॉक्टरीणबाई रागावल्या.

शांताबाई : सौमित्र नाय आला?

गोदाताई : लेक ठाण्याला, खोपटला. रविवारी येतो. म्हणजे, येतो एखाद्या रविवारी. त्याला सांगू पाठीला मलम लाव म्हणून?

शांताबाई : आत ये. बस. अगो बय, ही पाठ हाय का भेगाळलेलं खाचर? कशानं झालं म्हनली ती?

गोदाताई : कातडी कोरडी पडलीय. एक तर वय. आणि...

शांताबाई : आनि माझे बोंबील. 'गच्चीवर बोंबील वाळवतात, त्या वासानं अंगाला खाज सुटते.' तुझा अर्ज सेक्रेटरीनं भर मीटिंगमधी वाचलेला. पाठ हाय मना.

गोदाताई : बोंबील नाहीत.

शांताबाई : मंग कंपन्यांचा धूर?

गोदाताई : तोही नाही. कढत पाणी. दिवसातून दोनदा न्हाते, बादलीत जंतुनाशक घालून, साबण चोळचोळून. अंगातलं तेलच गेलं म्हणे.

शांताबाई : दोनदा कशाला? चिखलात लावनीला जातेस?

गोदाताई : दुपार सरत नाही हो. न्हाण्यात तेवढाच तास जातो.

शांताबाई : तासभर न्हातेस?

गोदाताई : थांबलात का?

शांताबाई : मलम गार हाय. हातावर चोळून घेतंय.

गोदाताई : अर्ज मागे घेते मी. लिहून देते, दोष बोंबलांचा नव्हता.

शांताबाई : आता काय त्याचं? आमचे हे गेले, पोरगा बायको घेऊन कल्याणला. एकटीच्या तोंडासाठी कोन बोंबील वाळवतो? दोरी पन टाकून दिली.

गोदाताई : दुपारी तुमच्या चपला वाजायच्या जिन्यात, कावळे हाकलायला जायचात तेव्हा. मी वैतागायचे. आता जिना वाजतच नाही.

शांताबाई : इथं?

गोदाताई : जरा डावीकडे. हं. तिथंच.

शांताबाई : उद्या कधी न्हानार?

गोदाताई : सकाळी आठला. कोमट पाणी, एकदाच.

शांताबाई : दार लोटून ठेवतंय, ढकलून ये. आनि दुपारचं काय करशील? न्हानं तर बंद झालं.

गोदाताई : बघू.

शांताबाई : बाजारात ओले बोंबील आलेत. पन वर बांधायला काय नाय.

गोदाताई : दोरी आहे माझ्याकडे.