शेखर वापरतो ते नको

नाय ताई, ते सोडून व्हिडिओ कापायचं दुसरं सॉफ्टवेअर दाखवा. शेखर वापरतो ते नको. असू दे फुकट, असू दे चांगलं, अख्खी दुनिया वापरत असेल तरी मला त्याच्यापेक्षा भारी पाहिजे. आहे ना त्याच्यापेक्षा भारी? — नाय, ते दर महिन्याला पैसे कापणारं नको. आणि ते व्हिडिओच्या मधोमध स्वतःचं नाव छापतं तेही नको, लोक हसतील. — कोण शेखर? अहो तो... जाऊ द्या. लग्नाच्या शूटिंगा करतो, आमच्याच गल्लीत, सातपूरला, अशोकनगरात. लग्नसराई संपली की रिकामा, मग लोकांचे व्हिडिओ जोडून देतो. माझ्या मिसेसचे देतो. योगिनी नाव तिचं. ब्लाऊज शिवायला शिकवते, यूट्यूबवर — बाही कशी लावायची, गळा कसा काढायचा — तुम्ही बघितलंय? खरंच? बघा! सगळ्यांनी बघितलंय. आमच्या कंपनीतला सोमनाथ, हा लॅपटॉप त्याच्याकडूनच घेतला, त्याची बायको योगिनीचं बघूनच शिवते. मला विचारतो, वहिनी घरी पण एवढ्या गोड बोलतात का रे? काय सांगणार? लॅपटॉपचा भाव विचारला.

रॅम वाढवावी लागेल? वाढवा की. मग चालेल ना? अडकणार नाय? — शिकेन हो, का नाय शिकणार? सीएनसीवर आहे मी. आकडे देऊन लोखंड कापतो दिवसभर, मला एवढा व्हिडिओ कापता येणार नाय? मला आधी वाटायचं, बटण दाबलं की झालं. मग एक दिवस फर्स्ट शिफ्ट करून घरी आलो, तर हा शेखर शिलाई मशीनशेजारी सतरंजीवर बसलेला, मांडीवर लॅपटॉप, आणि पडद्यावर माझी बायको. थांबवलेली. तोंड अर्धं उघडं, डोळे अर्धे मिटलेले — म्हणजे कसं, आपण चारचौघांत करत नाय असा चेहरा. आणि हा बघतोय! थोडं पुढे नेतो, थोडं मागे आणतो, परत थांबवतो. तासन्‌तास हेच. लग्नाला एवढी वर्षं झाली, मी कधी तिच्याकडे इतका वेळ बघितलं नाय. बघायला गेलो तर म्हणते, काय झालं, काही पाहिजे का?

आणि ती त्याच्या मागे उभी. जरा मागे घ्या — हां, इथून कापा — इथे नको, इथे माझा आवाज बसलाय. हसते काय, खुलते काय! माझ्याशी बोलणं किती? वाढू का, आणि डबा घासायला टाका. संपलं. भाऊ म्हणते त्याला — म्हणायला काय जातंय, म्हणतातच सगळे. चहा आल्याचा. तसा मलाही आल्याचाच असतो, खोटं कशाला बोलू, पण त्याला बशीत बिस्किटं असतात. मी कधी बिस्किटं मागितली नाय, ती गोष्ट वेगळी. संशयी नाय हं मी ताई, उगाच गैरसमज नको. त्याच्याबद्दल वाईट काही ऐकलं नाय कुणाकडून. पण जळतो मी. हो, जळतो! लपवायचं काय त्यात? माझ्या घरात, माझ्या पंख्याखाली बसून माझीच बायको बघतो आणि मी आलो की माझ्या नजरेला नजर देत नाय. लॅपटॉप मिटतो, चपला शोधतो — येतो वहिनी. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगाच नाय. म्हटलं बास. आता हे काम आपणच शिकायचं. तिच्या शेजारी सतरंजीवर आपण बसायचं. ती सांगेल तिथून मी कापेन, बोलेल माझ्याशी, किमान तेवढं तरी बोलेल. तिला सांगितलेलं नाय अजून, आज डायरेक्ट करूनच दाखवणार.

कच्चा व्हिडिओ? आहे ना, आणलाय. हा पेन ड्राइव्ह. सकाळी मशीनच्या खणातून उचलला, त्याला द्यायला ठेवला होता तिने. घ्या, लावा, कुठलाही उघडा — अरे वा! मस्त चालतंय की. कुठेच अडकत नाय. हीच बरं का योगिनी. आवाज द्या ना जरा — अजून — हां. 'तर मैत्रिणींनो, बाहीचा गोल कापताना कापड ताणायचं नाही.' किती शांतपणे सांगते, नाय? शाळेतल्या बाई व्हायला पाहिजे होती. मी तिला असं बसून कधी ऐकलंच नाय. नंतर मोबाईलवर बघतो ते वेगळं.

हा आवाज? हा मी. आतल्या खोलीतून ओरडतोय. सेकंड शिफ्टला निघायची घाई असते ओ, बस चुकली की पगार कापतात — 'डबा झाला का, का नाचच दाखवत बसणार लोकांना' — आता त्यात काय एवढं? घर म्हटल्यावर माणूस बोलतो. तुमच्या घरी बोलत नसतील का? — पुढचं राहू द्या, चालतंय सॉफ्टवेअर, कळलं आपल्याला — 'तुझ्या बापाने शिकवलं का हे' — रागात, ताई. तोंड फटकळ आहे माझं, मनात काही नसतं. विचारा कुणालाही. आवाज कमी करा. ते गिऱ्हाईक बघतंय इकडे. कमी करा ना!

थांबा. ती काय म्हणाली आता? कॅमेऱ्याकडे बघून हळूच म्हणाली काहीतरी. मागे घ्या — अजून थोडं — हां. 'शेखरभाऊ, एवढं काढून टाका. नेहमीसारखं. आणि मागच्या वेळी विचारलंत तसं परत विचारू नका, मला बोलता येत नाही मग.' — काय विचारलं असेल त्याने? हं? तुम्हाला काय वाटतं, तो काय विचारत असेल तिला? आणि मला बोलता येत नाही म्हणजे?

नेहमीसारखं म्हणाली ना? दुसरा उघडा. उघडा ओ, मी सांगतोय ना. — ही साडीची फॉल-पिको. हं, आहे. यातही आहे. तिसरा लावा. — मी हे असं ओरडतो? मला वाटायचं, मोठ्याने बोलतो तेवढंच. ते काय पडलं? ताट. ताटच असेल. — तिच्याकडे बघा. ओढणीने तोंड पुसलं, कॅमेरा सरळ केला आणि लगेच हसली. 'तर मैत्रिणींनो.' जसं काही घडलंच नाय. हे सगळं शेखरने ऐकलंय, ताई. पुढे-मागे करून करून ऐकलंय.

काय म्हणालात? टाकू का सॉफ्टवेअर? टाकलं तर... टाकलं, तर मग हे मला ऐकावं लागणार ना? शब्द न्‌ शब्द? आणि काढायचंही मीच? आणि ती असणार मागे उभी, इथून कापा, इथपर्यंत कापा, सांगायला.

नको. राहू द्या. शेखरलाच करू दे. आधी तो पेन ड्राइव्ह काढा, शेखर संध्याकाळी यायच्या आत खणात परत ठेवायचाय मला. — काढा ना, माझ्याकडे काय बघताय? त्या साहेबांना बघा, केव्हाचे उभे आहेत.