मामांनी गाडी खाली करवली

मराठी माणसाला हिंदी आपोआप येते असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्या पुण्याच्या मामांना एकदा भेटावं. उज्जैनला आमच्या फ्रीगंज भागात तेव्हा नव्या-नव्या गाड्या दिसायला लागल्या होत्या, म्हणून मामांना आमच्या जुन्या गाडीचा उद्धार करायची घाई झाली. दोन दिवसांसाठी आलेले मामा अंगणात पुढचं सस्पेन्शन उघडून बसले, ते महिनाभर हलले नाहीत.

शेवटी एकदाचं सगळं बसवलं. आता गाडीचं वजन चाकांवर आल्याशिवाय बोल्ट पक्के आवळता येत नाहीत, म्हणून मामांनी गाडीखालूनच जॅकपाशी उभ्या असलेल्या शेजारच्या शर्माजींना हुकूम सोडला, "शर्माजी, गाडी खाली करो."

उज्जैनमध्ये खाली म्हणजे रिकामी. शर्माजींनी निमूटपणे स्टेपनी काढली, सीट काढल्या, डॅशबोर्डवरचा गणपतीसुद्धा ओट्यावर नेऊन ठेवला. जॅकला मात्र हात लावला नाही.

"अहो, खाली करो, खाली," मामा ओरडले.

"पूरी खाली कर दी, मामाजी," शर्माजी घाम पुसत म्हणाले. "और कुछ खाली करना है?"

ओट्यावर चहा पीत बसलेले बाबा शांतपणे म्हणाले, "हाँ. मेहमानवाला कमरा."