तिसऱ्या तारेखालचं पितळ

गौरवी : नाही सगुणकाका, गिटार बाबांचीच. ही विडीने जळलेली खूण बघा ना. पण म्हापशाहून दुरुस्त होऊन आल्यापासून हात लावत नाहीत.

दत्ताराम : ही माझी न्हय.

गौरवी : बघा. तीन आठवडे हेच. पाववाल्या पोदेराचा भोंगा वाजला की मान वळवतात, गिटारीला नाही. आमची सगळ्यांची नावं विसरले, तरी रोज वाजवायचे. तेवढं एकच उरलं होतं. तेही मी घालवलं.

सगुण : तू काय केलंस?

गौरवी : बाबा खूश होतील म्हणून दुकानात सांगितलं, पन्नास वर्षांची इलेक्ट्रिक गिटार आहे, नंतर जे जोडलंय ते काढा. सगळं मूळचं करा.

सगुण : चष्मा दे माझा. उजेडात धर. हा ब्रिज. तारा इथे टेकतात. सहा तारा, सहा तुकडे. वाकवलेला पत्रा, वर कारखान्याचा ठसा. पहिल्यावर बोट फिरव.

गौरवी : खरखरीत.

सगुण : मीठ ते. हरमलच्या वाऱ्याने चाटलाय. ठसा अर्धा गेला. दुसरा तसाच. आता तिसरा?

गौरवी : गुळगुळीत. अक्षरं बोटाला लागतात.

सगुण : बाकीचे पाचही तीस वर्षं किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये वाजले, आणि हा काय घरात निजलेला?

गौरवी : म्हणजे नकली बसवला?

सगुण : नाही गे बाये. अस्सल आहे, त्याच काळातला. दुकानवाल्या बिचाऱ्याने कुठून शोधून आणला देव जाणे. पण दत्तूचा तिसरा कधीच गंजून तुटला. सायकल मारत तुयेला आला, माझ्या लेथवर. हातात पितळेचा बुश, जाड नळीसारखा. म्हणाला, ह्यातून काढ.

गौरवी : कसला बुश?

सगुण : तुझ्या आजोबाच्या होडीचा. आजोबा गेला, होडी मोडली, त्यातलं तेवढंच ह्याने ठेवलेलं. मी तुकडा काढला तो इतका वाकडा, की मलाच लाज वाटली. पण तेव्हापासून त्या तारेचा आवाज हीच त्याची खूण.

गौरवी : काका, गिटारीच्या पेटीत एक पुडी आली होती. ‘जुने सुटे भाग’ लिहिलेली.

सगुण : टाकलीस?

गौरवी : बटणांच्या डब्यात आहे.

सगुण : मग उभी काय? आण! आणि मागची स्प्रिंग धरून ठेव हां, टुणकन उडते मेली.

(थोड्या वेळाने. पितळेचा तुकडा बसला आहे, तार पुन्हा ताणली आहे.)

गौरवी : तुम्ही वाजवून बघा.

सगुण : मी नाही. त्याच्या मांडीवर ठेव, आणि बाजूला हो.

गौरवी : बाबा... काका, तिसरीच तार छेडली!

सगुण : गप. ऐकतोय तो.

दत्ताराम : होडी लागली गे.

गौरवी : किनाऱ्याला लागली, बाबा?

दत्ताराम : लागली. जा, आयेक सांग.

गौरवी : सांगते आईला.